पहिला डाव की पहिले पाच डाव?

न्यू जर्सीतल्या मित्राचा प्रश्न: मेजर लीग बेसबॉलमध्ये सुरुवातीच्या धावांवर पैज लावायची, तर पहिल्या डावावर (इनिंग, म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी) की पहिल्या पाच डावांवर?

पहिल्या डावात प्रश्न एकच, धाव निघेल की नाही. निकाल झटपट. पण दोन्हीकडचे चांगले फलंदाज आधीच समोर येतात. पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, एक चेंडू मधोमध पडून होमरन (कुंपणापलीकडचा फटका) गेला की ‘धाव नाही’वाली पैज खलास. सगळा अभ्यास नशिबापुढे फिका.

पाच डावांत बहुतेक वेळ सुरुवातीचाच पिचर टाकतो, राखीव पिचरांचा भरवसा धरावा लागत नाही. इथे अभ्यासाला किंमत आहे, पण मेहनतही आहे: दोन्ही पिचर, वारा, मैदान. डेन्व्हरचं कूअर्स फील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर, विरळ हवेत चेंडू लांब जातो.

खर्चाचं गणित दोन्हीकडे तेच. १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे असतील, तर ५२.४ टक्के वेळा बरोबर ठरलात तरच बरोबरी. पहिल्या डावाचा धोका मला जास्त वाटतो, कारण एक संपला की दुसरा सामना तयारच असतो.

थोडक्या, ठरलेल्या रकमेची गंमत हवी तर पहिला डाव. आकडे चाळायची आवड असेल तर पाच डाव. बुडालेले पैसे परत मिळवायचे असतील तर दोन्ही नकोत.