टॅबला माऊस जोडायला ‘सॉफ्टवेअर’ लागत नाही

देवगडला राहणाऱ्या माझ्या वडिलांना एका दुकानदाराने साध्या माऊसच्या नावाखाली लुबाडलं. मुलं मुंबई-पुण्याला आणि म्हातारी माणसं टॅब घेऊन गावी, अशी घरं आपल्या कोकणात गल्लोगल्ली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अण्णांचे हात थरथरतात. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब टॅबवर लिहिताना बोट भलतीकडेच पडतं. त्यासाठी ते कणकवलीच्या बाजारात माऊस घ्यायला गेले. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी ब्लूटूथचाच मागितला. दुकानदाराने खोक्यावरच्या ‘2.4 गीगाहर्ट्झ’वर बोट ठेवलं, ‘हेच ब्लूटूथ’ म्हणाला आणि 850 रुपये घेतले.

हे खोटं सहज खपतं, कारण ब्लूटूथही त्याच 2.4 गीगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात चालतं. पण रिसीव्हरवाला माऊससुद्धा तिथेच चालतो, आणि त्याला यूएसबीत खोचायचा नखाएवढा तुकडा लागतो. अण्णांच्या माऊसचा तो तुकडा सेलच्या कप्प्यात होता. टॅबच्या ब्लूटूथ यादीत या माऊसचं नाव कधी येणारच नव्हतं.

अण्णा तक्रार घेऊन परत गेले, तर दुकानदार टॅब घेऊन आतल्या खोलीत गेला. “तो म्हणालो, सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय माऊस चलाचो नाय,” अण्णांनी मला सांगितलं. त्या सॉफ्टवेअरचे 500 आणि ओटीजीचे, म्हणजे टॅबच्या चार्जिंगच्या भोकात यूएसबीची वस्तू जोडायच्या जोडणीचे, 200. खरं काम केलं ते एकट्या ओटीजीने. साध्या माऊससाठी अँड्रॉइडवर काहीच टाकावं लागत नाही. आयपॅडवरही मार्च 2020 मध्ये आलेल्या आयपॅडओएस 13.4 पासून माऊस थेट चालतो. वर टॅबला भोक एकच, त्यामुळे माऊस लावला की चार्जिंग बंद. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

मला सगळ्यात संताप आला तो पुढचं बघून. टॅबच्या कव्हरला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर दुकानदाराच्या अक्षरात टॅबचा पिन! त्याच टॅबमध्ये अण्णांचं बँकेचं अॅप आहे. पैसे शाबूत होते, पण मी तिथल्या तिथे पिन आणि बँकेचा पासवर्ड बदलला, अनोळखी अॅप काढून टाकली.

मग खोक्यावरचं किमतीचं लेबल खरवडलं. खाली छापील किंमत 399! छापील किमतीपेक्षा जास्त घेणं आणि ती झाकणं, दोन्ही 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बेकायदा आहे.

ब्लूटूथ माऊस घेणार असाल तर खोक्यावर ‘ब्लूटूथ’ हा शब्दच शोधा आणि दुकानातच, टॅब आपल्या हातात ठेवून, जोडून बघा. माऊसच्या पोटाखालचं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकू लागला की टॅबच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव येतं, त्यावर बोट टेकवायचं. एवढंच. ना ओटीपी, ना पैसे.

मी दुकानात जाऊन लेबलाखालची किंमत दाखवल्यावर सॉफ्टवेअरचे 500 परत मिळाले, बाकीचे नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. खोकं, लेबल आणि ‘सॉफ्टवेअर’ लिहिलेली पावती जपून ठेवली आहे. तुमच्या घरच्यांकडून कुणी असे पैसे घेतले असतील, तर तुम्हीही खोकं टाकू नका, लगेच फोन करा.