ब्रेकचा दिवा विझत नाहीये: घरीच शोधावं की गॅरेजला न्यावं?

पुढचे ब्रेक पॅड घरी बदलले, चाकं चढवली, किल्ली फिरवली आणि समोरचा लाल दिवा काही विझेना. पुन्हा जॅक लावायचा की गॅरेजला फोन करायचा, हे दिव्यावरून ठरवू नका. आधी पेडल तपासा.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. नवे पॅड टाकल्यावर पहिल्या काही वेळा ते खोल जाणारच, कारण मागे ढकललेले पिस्टन (पॅड दाबणारे दट्टे) अजून पॅडला टेकलेले नसतात. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन घट्ट थांबलं, तर घरी शोधायला हरकत नाही. मऊ लागलं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत राहिलं, तर गाडी चालवत नेऊ नका. टो करूनच न्या.

पेडल घट्ट, फक्त लाल दिवा: घरी

इथे गॅरेजवाला जे करेल ते तुम्हीही अर्ध्या तासात करू शकता, तेही बिनखर्चात. हँडब्रेक पूर्ण सोडा आणि लिव्हर हाताने थोडा वर-खाली हलवा. दिवा लुकलुकला तर लिव्हरच्या बुडाशी असलेला स्विच सरकलाय किंवा अडकलाय.

नाहीतर बॉनेट उघडा आणि सपाट जागेवर ब्रेक ऑइलची पातळी बघा. इथे बरेच जण चुकतात. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ऑइल उतरतं, हे ठीक. पण नवे पॅड बसवल्यावर ते परत वर यायला हवं. तरीही पातळी डबीवरच्या ‘मिन’ खुणेच्या खाली असेल, तर ऑइल कुठेतरी गेलंय. पिस्टन दाबताना निपल (चाकाजवळचा, ऑइल आणि हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडून किंवा डबीतून तुम्हीच काढलं असेल, तर डबीच्या झाकणावर लिहिलेलं ऑइल (बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४) नव्या सीलबंद बाटलीतून भरा. सिलिकॉनचं डॉट ५ यात चालत नाही. काढलं नसेल, तर कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग), होज (ब्रेकची रबरी नळी), निपल आणि मागच्या चाकांची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसून गळती शोधा. नुसतं ऑइल भरून दिवा विझवला तर गळती मात्र चालूच राहते. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर डबीच्या फ्लोट स्विचचा (ऑइल कमी झाल्यावर दिवा लावणारा स्विच) कनेक्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत दिवा विझला म्हणजे दोष फ्लोटमध्ये, आणि तसाच राहिला तर हँडब्रेकच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. काही मॉडेलांत मात्र कनेक्टर निघाला तरी दिवा लागतो, म्हणून मॅन्युअल बघून मगच निष्कर्ष काढा.

पिवळा एबीएसचा दिवा: आधी घर, मग गॅरेज

भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, म्हणजे त्यानंतरच्या गाडीत चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा सेन्सर असणारच. कॅलिपर बाजूला करताना त्याची वायर ओढली जाते किंवा कनेक्टर अर्धवट बसतो. तो नीट बसवा, सेन्सरच्या टोकाची घाण पुसा. दिवा तरीही राहिला, तर एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सी००३५ हा कोड त्यात दिसेलच असं नाही.

लाल आणि एबीएस दोन्ही दिवे एकदम लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. जोरात ब्रेक मारल्यास मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. अशा वेळी गाडी थेट टो करून गॅरेजला न्या.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली असेल तर

एकाच कॅलिपरचा होज उघडला आणि डबी रिकामी झाली नाही, तर त्या चाकाची हवा घरी निघते. चारही चाकांची काढायची असेल तर मॅन्युअलमधला क्रम पाळा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला, ऑइल दाबणारा भाग) सर्वात लांबचं चाक सहसा मागचं डावं. अमेरिकेतल्या व्हिडिओंत मागचं उजवं आधी सांगतात, ते डाव्या स्टिअरिंगसाठी. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सिलिंडरचा जो भाग कधी वापरात आला नाही, तिथल्या गंजाने आतले सील फाटतात.

डबी एकदा रिकामी झाली की हवा एबीएसच्या युनिटपर्यंत पोचू शकते, आणि ती काढायला बऱ्याचदा स्कॅनरने पंप चालवावा लागतो. इथे गॅरेजलाच जा. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅडही, कॅलिपर सर्व्हिस मोडमध्ये (हँडब्रेकची मोटर मागे घेणारी अवस्था) नेण्याची सोय नसेल तर, गॅरेजकडेच द्या. पिस्टन क्लॅम्पने जबरदस्ती मागे दाबला तर आतली यंत्रणा मोडते.

तिथे गेल्यावर नुसतं ‘दिवा लागलाय’ म्हणू नका. कोणता निपल उघडला, डबी रिकामी झाली होती का, ऑइल कोणतं भरलं, हे सांगा. स्कॅनर आधी लावायचा की नाही, हे मेकॅनिक त्यावरच ठरवतो.