जुन्या टूरिंग बाईकचे पुढचे शॉकअप: सील दोनदा बदललं, दोष बुशचा निघाला (८ महिन्यांनंतरचा अनुभव)

नवे बुश (ज्यावर पाइप सरकतो त्या कड्या), नवे सील (तेल आत अडवणाऱ्या रबरी रिंगा) आणि नवं ऑइल टाकून आता ८ महिने झाले, साडेसहा हजार किलोमीटर झाले, आणि फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे, पाइप अजून कोरडे आहेत. त्याआधी वर्षभर मी भलतीकडेच शोधत होतो म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी जुनी, वजनदार. डाव्या पाइपवर तेलाचं कडं यायचं आणि पुढचा ब्रेक दाबला की टक् असा आवाज, तो थेट हँडलमध्ये जाणवायचा. मेकॅनिक म्हणाला कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल आहे, आणि चांगला आवळून दिला. आवाज गेलाच नाही, उलट हळू चालवताना गाडी सरळ जाईना, सारखी इकडेतिकडे ओढायची. कोनसेट जास्त आवळला की असंच होतं. सील दोनदा बदललं, दोन्ही वेळा दोन-अडीच महिन्यांत पुन्हा गळती. एकदा तेल उतरून ब्रेक पॅडवर गेलं तेव्हा खरंच घाबरलो, ते पॅड टाकूनच दिले.

शेवटी स्वतः बसलो. कोनसेट आधी नीट सेट केला, गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी केलं आणि दोन्ही फोर्क खालून धरून पुढेमागे हलवले, मित्राने बोट आधी खालची टी (दोन्ही फोर्क धरून ठेवणारा आडवा भाग) आणि फ्रेमच्या मध्ये ठेवलं, मग डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या रबराच्या) वर. टी-पाशी काहीच हलत नव्हतं. सीलपाशी पाइप चक्क खडखडत होता.

उघडल्यावर बुश बघितला, करडा टेफ्लॉनचा थर एका बाजूने पार घासून आतला तांबूस धातू दिसत होता. ऑइल राखाडी, त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या रंगासारखी चमक. पाइप असा आडवा हलत राहिला तर सील कितीही चांगलं घ्या, त्याची कड टिकणार कशी! शिवाय पाइपवर नख फिरवलं तर एका ठिकाणी अडकलं, गंजाचा बारीक खड्डा, तो बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला.

फिटिंग करताना एक गोष्ट नक्की करा, अ‍ॅक्सलचा (पुढच्या चाकाच्या दांड्याचा) क्लॅम्प बोल्ट आवळण्याआधी ब्रेक धरून फोर्क सात-आठ वेळा दाबा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात, नाहीतर ते एकमेकांना जखडतात आणि लहान खड्ड्यांवर शॉकअप हलतच नाही.

आता टक् आवाज शून्य, ब्रेक लावताना भरवसा वाटतो. एक तक्रार उरलीय, सामान आणि मागे माणूस असला की फोर्क अजून शेवटपर्यंत दबतो. पाइपला केबल टाय बांधून मोजलं, नुसता मी बसलो तरी फोर्क एकूण १४० मिमी हालचालीपैकी ६० मिमी दबतो, तो साधारण तिसरा हिस्साच दबायला हवा. काहीजण जाड ऑइल टाका म्हणतात, मला ते पटत नाही, जाड ऑइल हालचाल मंद करतं, वजन स्प्रिंगच उचलते. म्हणून आता स्प्रिंगा बदलतोय.