कात्रीला धार लावायची डायमंड प्लेट (एक बाजू ४०० ची खरखरीत, दुसरी १००० ची बारीक), सहा महिने वापरून लिहितेय

मी घरी ब्लाउज शिवते. कात्री मेरठची, १० इंची, पितळी मुठीची, सासूबाईंच्या हातची. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि तिचं खरं सुख हे की पातं परत परत धार लावून वर्षानुवर्षं चालतं, म्हणून ती कुणाच्या हातात देतोय ते बघूनच द्यावं.

मी नाही बघितलं. बाजारात एकाकडे ग्राइंडरवर धार लावून आणली, दोन मिनिटांत काम झालं, घरी येऊन बघते तर टोकाजवळचा एक इंच निळा पडलेला. निळं पडणं म्हणजे पातं ३०० डिग्रीच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. साधा ६ इंची ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या वर फिरतो, पातळ टोक लगेच तापतं, आणि गळ्याचा आकार कापताना नेमकं टोकच लागतं हो, खूप वाईट वाटलं.

मग हातानेच लावायचं ठरवलं. खाचेतून ओढायचे शार्पनर घेऊच नका, ते सुरीसाठी असतात, सुरीला धारेशी दोन्ही बाजूंनी उतार असतो आणि कात्रीच्या पात्याला फक्त बाहेरून. कार्बोरंडमचा दगड स्वस्त आहे, घासतोही छान, पण वापरून वापरून मधे खोलगट होतो आणि मग उतार एकसारखा राहत नाही. पाण्यात हळू फिरणारं, मिनिटाला ९० फेऱ्यांचं मशीन फार चांगलं, पातं तापतच नाही, पण ते धार लावायचा धंदा करणाऱ्यालाच परवडेल. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी, सपाट ती सपाटच राहते, म्हणून ही घेतली, ७०० च्या आसपास पडली.

आता कशी वापरते ते सांगते कारण सगळं त्यातच आहे. कात्री पूर्ण उघडायची, उतारावर काळ्या मार्करने रेघ मारायची, प्लेटवर साबणाचं पाणी दोन थेंब, आणि मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने हलक्या हाताने ओढायचं. शाई फक्त धारेजवळची गेली तर पातं जास्त उभं धरलंय, फक्त धारेपासून लांबची गेली तर जास्त आडवं, सगळीकडून सारखी गेली की मूळचा कोन सापडला. आतल्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत ४०० वर, मग १००० वर दहा-बारा वेळा. आतली बाजू घासायची नाही!! ती किंचित खोलगट असते, म्हणूनच दोन पाती फक्त धारेवर भेटतात, ती घासली की कापड मधे दुमडतं. खरखर काढायला आतली बाजू १००० वर अगदी सपाट ठेवून एकदाच हलकं ओढायचं, बस.

१००० च्या पुढे जायची गरज मला वाटली नाही. फार गुळगुळीत धारेवर जॉर्जेट, साटन सरकतं, थोडी खरबरीत धार कापड धरून ठेवते. पार्लरची केस कापायची कात्री वेगळी, ती यावर घेऊ नका, झिगझॅग कात्री तर मुळीच नको.

तक्रारी तीन. खाली रबर नाही म्हणून सरकते, मी ओलं फडकं घालते. आणि माझी प्लेट ६ इंची आहे, १० इंची कात्रीला तोकडी पडते, तुम्ही ८ इंची घ्या. नवीन असताना ४०० ची बाजू खूप ओरखडे काढते, पहिले काही दिवस जुन्या सुऱ्या घासा आणि मगच चांगली कात्री लावा.

शिफॉनचा एकेरी तुकडा आता टोकाने न ओढता कापला जातो. बाकीचं पातं दीड-दोन महिने निवांत चालतं, त्या निळ्या इंचाला मात्र दर पंधरा दिवसांनी प्लेट घेऊन बसावं लागतं.