बिल दुकानाचं, डोमेन भलत्याच्याच खात्यात

लालबागच्या चिवडा गल्लीजवळचं फराळाचं दुकान. दिवाळीत परदेशी कुरिअर जातं, त्यामुळे वेबसाइटवरच्या ऑर्डरींना मान. साइट करून देणाऱ्याने तीन वर्षं दर ऑगस्टमध्ये १८,५०० रुपयांचं बिल दिलं. बिलात ओळ एकच: डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), एसएसएल (साइट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट). तिन्ही वर्षं पैसे वेळेवर गेले. तिसऱ्या वर्षी डोमेन मात्र रिन्यू झालंच नाही, आणि ते कळलं दिवाळीच्या तोंडावर, साइट आणि ईमेल दोन्ही बंद पडल्यावर.

यातली लबाडी नुसत्या पैसे खाण्याची नाही. सप्टेंबरात दुकानदाराने विचारलं होतं, रिन्यू केलंत ना? साइटवाल्याने लगेच हूइजचा, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेचा, स्क्रीनशॉट पाठवला, मुदत पुढच्या वर्षाच्या सप्टेंबरची. दुकानदार निश्चिंत. तो स्क्रीनशॉट खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो समजून घ्यायला हवा.

डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ वही ठेवणारी संस्था) ती आपणहून एक वर्ष पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारला (डोमेन विकणाऱ्या कंपनीला) ४५ दिवसांपर्यंत सवलत देते. या काळात रजिस्ट्रारने डोमेन सोडून दिलं तर ते वर्ष रद्द होतं. म्हणजे एक पैसाही न भरता रजिस्ट्रीच्या उत्तरात पुढच्या वर्षाची तारीख दिसते. पकडायचं कसं? तारखेच्या जोडीला स्टेटसच्या ओळी वाचायच्या. तिथे 'ऑटो रिन्यू पिरियड' दिसलं तर तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. (खऱ्या रिन्यूअलनंतरही ही ओळ काही दिवस राहू शकते, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका.) दुसरी खूण रजिस्ट्रारच्या स्वतःच्या उत्तरात असते. रजिस्ट्रीची मुदत आणि रजिस्ट्रारची मुदत या दोन वेगळ्या ओळी आहेत, आणि दोन्हींत वर्षाचा फरक दिसला तर रिन्यूअलची रजिस्ट्रारची पावती मागा. त्या माणसाच्या लेटरहेडवरचं बिल ही पावती नव्हे.

कमांडची नावं इथे नागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. हूइज, मग मोकळी जागा, मग डोमेन, एवढंच. लिनक्सवर पॅकेज टाकावं लागतं, मॅकवर असतंच. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी हूइज चालू ठेवण्याची सक्ती राहिलेली नाही, जागा आरडॅप या नव्या सेवेने घेतली आहे. त्यामुळे हूइजकडून उत्तर नाही आलं तर कर्ल या, वेब पत्त्यावरून माहिती आणणाऱ्या, कमांडने आरडॅपला विचारा. जेसॉन या मजकुराच्या साच्यात तीच माहिती मिळते, आणि त्यात 'रजिस्ट्रार एक्स्पायरेशन' अशी वेगळी नोंद असली तर आधी तीच बघायची.

मग साइट पडली. त्याचं उत्तर होतं, 'सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे, दोन दिवस द्या.' मेंटेनन्स आहे की डोमेनच गेलं, हे दहा सेकंदांत कळतं. डिग (डीएनएसला, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या व्यवस्थेला, प्रश्न विचारणारी कमांड), मग एनएस, मग डोमेन, शेवटी अधिकचं चिन्ह आणि शॉर्ट. उत्तरातले नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) नेहमीचेच असतील तर बिघाड सर्व्हरचा असू शकतो. रजिस्ट्रारच्या पार्किंगचे (मुदत संपलेली डोमेनं जिथे वळवतात तिथले) दिसले तर मुदत संपली आहे. हे पार्किंग ही रजिस्ट्रारची मनमानी नाही. डोमेन सोडून देण्याआधी, रिन्यू करता येण्याच्या काळातले निदान शेवटचे आठ दिवस जुना डीएनएस तोडावा, असा आयकॅनचा (डोमेनांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) नियमच आहे. मालकाला जाग यावी म्हणून. मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशा दोन सूचना, आणि नंतर पाच दिवसांच्या आत आणखी एक, हेही बंधनकारक. या सगळ्या सूचना निघाल्या होत्या. पण गेल्या त्याच्या जीमेलवर, कारण नोंदणीदार म्हणून ईमेल त्याचाच होता.

काही दिवसांनी डिगचं उत्तर रिकामं आणि स्टेटस 'रिडेम्प्शन पिरियड', म्हणजे जादा फी भरून नाव सोडवायचा काळ. आता डोमेन डॉट कॉमच्या झोनमध्येच, म्हणजे चालू नावांच्या यादीतच, नाही. पार्किंगच्या काळात निदान काही मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. नावच अस्तित्वात नाही असं उत्तर आलं की मेल तत्काळ परत फिरतो. न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला तो परत आलेला मेल दिसतो आणि दुकान बंद झालं असं वाटतं. वर जीएसटी पोर्टलला दिलेला ईमेलही त्याच डोमेनचा, म्हणजे ओटीपीचाही घोळ.

रिडेम्प्शनचे ३० दिवस, मग पेंडिंग डिलीटचे ५, मग नाव सगळ्यांना मोकळं. रिडेम्प्शनमधून सोडवण्याची फी साध्या रिन्यूअलच्या कित्येक पट असते, हे खरं. त्याने मागितले ४५,०००, 'आज रात्री बारापर्यंत, नाहीतर चीनवाले घेतील.' हे बारा वाजणं शुद्ध थाप आहे. तीस दिवसांत दुसऱ्या कुणालाही ते नाव घेता येत नाही, सोडवू शकतो फक्त तोच रजिस्ट्रार. इथे दुकानदाराने घाई केली आणि यूपीआयने पैसे पाठवले. डोमेन परत आलं, पण पुन्हा त्याच्याच खात्यात.

आधी मागायला हवं होतं ते हे: त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं मोफत खातं उघडायचं आणि त्याला डोमेन त्या खात्यात 'पुश' करायला, म्हणजे हलवायला, सांगायचं. एकाच रजिस्ट्रारमध्ये खातं बदलायला सहसा ट्रान्सफर कोड लागत नाही. डोमेन आपल्या खात्यात दिसलं की नोंदणीदाराचं नाव आणि ईमेल तपासायचं, आणि पैशांचा शेवटचा हप्ता त्यानंतर. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर मात्र कोड हवा, 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' हे कुलूप काढलेलं हवं, आणि नोंदणी किंवा आधीच्या ट्रान्सफरला ६० दिवस झालेले हवेत. कोड मागितल्यावर रजिस्ट्रारने पाच दिवसांत द्यावा लागतो. पण तो देतो नोंदणीदाराला, बिल भरणाऱ्याला नाही. खरी मेख ती आहे.

म्हणून पहिल्या दिवशी, दुसरा हप्ता देण्याआधी, हूइजच्या उत्तरात चार गोष्टी बघाव्या. रजिस्ट्रार कोण. 'रीसेलर' (रजिस्ट्रारचा उपविक्रेता) अशी ओळ आहे का, कारण असली तर तक्रार वरच्या रजिस्ट्रारकडे करता येते, त्याचा गैरवापराच्या तक्रारींचा (अब्यूज) ईमेल आणि फोन तिथेच असतो. नोंदणीदाराचं राज्य आणि देश, कारण २०१८ नंतर नाव-पत्ता झाकला जातो पण या दोन गोष्टी बहुधा उघड्या राहतात. मुंबईच्या दुकानाच्या डोमेनवर भलतंच राज्य दिसलं तर एकतर प्रायव्हसी सेवा आहे किंवा मालक दुसराच आहे, दोन्ही वेळा विचारायचं. आणि तयार झाल्याची तारीख. 'लाइफटाइम डोमेन' म्हणून पैसे घेतलेले असतील तर मुदतीची तारीख बघा, कारण एका वेळी १० वर्षांपलीकडे नोंदणी होतच नाही.

बिलातल्या बाकीच्या दोन शब्दांचं थोडक्यात. एसएसएलसाठी कर्लला हायफन व्ही आय देऊन साइटचा पत्ता द्या, 'इश्यूअर'च्या ओळीत लेट्स एन्क्रिप्ट आलं तर सर्टिफिकेट फुकटचं आहे. बसवण्याची मजुरी घेणं रास्त, पण सर्टिफिकेटची किंमत म्हणून दरवर्षी ४,००० लावणं नाही. 'डेडिकेटेड सर्व्हर' म्हणाला असेल तर एसएसएचने (सर्व्हरवर दुरून शिरायच्या कमांडने) आत जाऊन सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट चालवा. 'नन' आलं तर सहसा खरं यंत्र, 'केव्हीएम' आलं तर मोठ्या यंत्राचा भाड्याचा तुकडा. फ्री कमांडने दिसणारी रॅम मात्र पुरावा मानू नका, शेअर्ड होस्टिंगवर (एकाच यंत्रावर अनेकांच्या साइट असतात तिथे) ती कधी कधी पूर्ण यंत्राची दिसते. एसएसएचच देत नसेल तर बहुधा शेअर्डच आहे.

भांडण सुरू होण्याआधी, आणि हे आधीच, सगळं उतरवून घ्या. फायली आरसिंकने, डेटाबेस मायएसक्यूएल-डंपने, सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून, म्हणजे ऑर्डरी चालू असतानाही कुलूप लागत नाही (टेबलं इनोडीबी या प्रकारची असतील तर). क्रॉनटॅब हायफन एलचं उत्तरही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) ठेवा, तिथेच इन्व्हॉइस पाठवणारी स्क्रिप्ट लपलेली असते. डीएनएस नोंदी डिगने एकेक विचारा: ए (साइटचा पत्ता), एमएक्स (मेलचा सर्व्हर), टीएक्सटी (मजकुराच्या नोंदी). 'एनी' म्हणून सगळ्या एकदम मिळतील या भरवशावर राहू नका. डीकेआयएमचं (मेल खरा असल्याच्या सहीच्या नोंदीचं) नाव अंदाजाने सापडत नाही, पाठवलेल्या एखाद्या मेलच्या हेडरमध्ये 'एस बरोबर' पुढे असतं, तिथून घ्या. नवीन सर्व्हर तयार झाला की कर्लच्या रिझॉल्व्ह पर्यायाने आधी तिथली साइट तपासा, मगच नेमसर्व्हर बदला. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदीचा टीटीएल (ती लक्षात ठेवायची मुदत) १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे ४८ तास काही गिऱ्हाइकं जुन्याच सर्व्हरवर जातील, तोवर तो चालू लागतो.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, नंतर सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. सोबत हूइजची तारीखवार उत्तरं फायलीत जपून द्या, नुसता स्क्रीनशॉट नको. डॉट कॉमसाठी आयकॅनकडे रजिस्ट्रारची तक्रार करता येते, डॉट इनसाठी निक्सीकडे (ती नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडे). ट्रेडमार्क असेल तर डॉट कॉमसाठी यूडीआरपीचा (डोमेनच्या वादांवरच्या निवाड्याचा) रस्ता आहे, पण वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका सदस्याच्या पॅनेलची फी १,५०० डॉलर, फराळाच्या दुकानाला ती जड जाते.

आणि डोमेन हातात आल्यावर जुन्या सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड-कीज फायलीत (एसएसएचने कुणाला आत घ्यायचं त्या यादीत) साइटवाल्याची किल्ली राहिली आहे का ते बघा. लालबागच्या दुकानाच्या सर्व्हरवर दोन होत्या.