शेतातल्या डब्यात सी, रस्ट की झिग?

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेबाराला यावल तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यातून फोन आला. "भाऊ, मोटर आपोआप चालू होऊन राहिली. मी तर काही मेसेज केला नाही." जळगावात आमचं मोबाईल स्टार्टर बनवायचं लहानसं काम आहे. शेतकऱ्याने घरून मेसेज टाकला की विहिरीवरची मोटर सुरू, दुसरा टाकला की बंद. लाईट रात्रीची असली की अंधारात, बिबट्याच्या धाकात मळ्यात जावं लागू नये म्हणून लोक हा डबा घेतात. त्या रात्री डब्याने मालकाचं ऐकणं सोडलं होतं आणि दोष माझ्या सी भाषेतल्या 200 बाइटच्या बफरचा, म्हणजे आलेला मेसेज तात्पुरता ठेवायच्या जागेचा होता.

माझा हिशेब साधा होता. इंग्रजी मेसेज जास्तीत जास्त 160 अक्षरांचा, वर नंबर-तारीख धरली तरी 200 पुरे. त्या रात्री सिमवर जाहिरात आली ती मराठीत. मराठी मेसेजात एका वेळी 70 चिन्हंच मावतात, काना-मात्रा वेगळे मोजून. पण मोडेम तो मजकूर आपल्या हाती देताना एकेका चिन्हाचे चार हेक्स आकडे करून देतो. 'म' म्हणजे 092E. सत्तर चोक दोनशे ऐंशी. जादाचे 80 आकडे बफरच्या बांधावरून पलीकडे सांडले, आणि पलीकडे लागूनच 'मोटर चालू की बंद' हे लक्षात ठेवणारा बाइट होता. गंमत म्हणजे त्यात शून्याचं अक्षर जरी पडलं तरी त्याची आतली किंमत 48 असते. म्हणजे शून्य नाही. म्हणजे मोटर चालू.

हे पुन्हा उकरायचं कारण भाचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आला तेव्हा विचारलं, "मामा, रस्ट शिकू की झिग?" या दोन्ही सीची जागा घेऊ पाहणाऱ्या नव्या प्रोग्रामिंग भाषा. त्याच आठवड्यात मलाही डब्याच्या नव्या मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, कशात लिहायचं ते ठरवायचं होतं. प्रश्न एक, गरजा दोन. म्हणून तोच बफर घेऊन तिन्ही भाषांत तीच चूक मुद्दाम करून पाहिली.

सीमध्ये काहीच होत नाही, हाच तर घोळ. कंपायलर (लिहिलेला कोड चिपला चालेल असा करून देणारा प्रोग्राम) गप्प, टेबलावर डबा शहाण्यासारखा चालतो आणि मळ्यात गेला की अंगात येतं. डेनिस रिचीने 1972 च्या आसपास बेल लॅब्समध्ये ही भाषा घडवली तेव्हापासून तिचा हाच स्वभाव. तुम्ही सांगाल तिथे ती लिहिणार, जागा तुमच्या सातबाऱ्यावर आहे का हे विचारणार नाही. 2024 मध्ये सी23 हे नवं प्रमाण प्रसिद्ध झालं, काही चांगल्या सोयी आल्या, पण अ‍ॅरेच्या बांधावर राखणदार त्यातही नेमलेला नाही.

रस्टमध्ये 201 व्या जागी लिहायला गेलो तर प्रोग्राम तिथेच 'पॅनिक' होतो, म्हणजे काम सोडून थांबतो, आणि ही तपासणी अंतिम रिलीजमध्येही चालूच राहते. आमच्या डब्यात पॅनिक झालं की चिप रीसेट होते, रिले (मोटरीची वीज जोडणारा स्विच) सुटतो, मोटर बंद पडते. केळीला एक पाणी कमी मिळेल, पण मध्यरात्री विहीर उपसली जाणार नाही. 'हीपलेस' नावाचं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) वापरलं तर आणखी बरं. त्यात बफर भरला की पुढचा बाइट टाकताना 'जागा नाही' असं उत्तर परत येतं, आणि त्या उत्तराकडे काणाडोळा केला तर कंपायलर कुरकुरतो.

झिगचं उत्तर अर्धं रस्टसारखं, अर्धं सीसारखं. झिगमध्ये बांधणीचे, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायचे, चार प्रकार आहेत. डीबग आणि रिलीज-सेफ यांत हद्दीची तपासणी असते, रिलीज-फास्ट आणि रिलीज-स्मॉलमध्ये नसते. आता सांगा, लहान चिपवर जागा पुरेना झाली की माणूस कोणता प्रकार निवडेल? मी तर रिलीज-स्मॉलच निवडला असता आणि पुन्हा यावलला गेलो असतो. ठरावीक भागापुरती तपासणी सक्तीने चालू ठेवता येते, पण ती तुम्हाला आठवली पाहिजे.

इथे रस्टची आरती ओवाळणाऱ्यांना एक खोच सांगतो. माझा डबा रस्टमध्येही सुटला नसता. कारण मेसेज सिममध्येच पडून राहतो. रीसेट झालं, पुन्हा तोच मेसेज वाचला, पुन्हा पॅनिक, पुन्हा रीसेट. रात्रभर रिलेची टकटक. 18 नोव्हेंबर 2025 रोजी वेबसाइटची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा बंद पडून जगभरच्या कितीतरी वेबसाइट झोपल्या, त्यामागेही याच जातीची चूक होती. एका आपोआप तयार होणाऱ्या फाईलमधल्या नोंदी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या. मर्यादा 200 ची, माझ्या बफरइतकीच. रस्टच्या कोडने 'चूक येणारच नाही' असं गृहीत धरून 'अनरॅप' केलं होतं आणि प्रोग्राम कोसळला. मेमरी सुरक्षित राहिली, सेवा नाही. रस्ट चोरी होऊ देत नाही, पण दुकान उघडं ठेवायची हमीही देत नाही.

बांधाचा प्रश्न झाला. खरा फरक पडतो तो दोघांनी एकाच ताटात हात घालण्यात. मोडेमकडून बाइट आला की इंटरप्ट लागतो, म्हणजे चिप हातातलं काम मध्येच थांबवून आधी तो बाइट घेते, आणि तो बफर भरतो. मुख्य लूप त्याच वेळी तोच बफर वाचत असतो. सीमध्ये आम्ही 'व्होलाटाइल' (ही किंमत मध्येच बदलू शकते, दर वेळी नव्याने वाच) लिहून देवावर भरवसा ठेवतो. झिगमध्ये साधनं नेटकी आहेत, पण वापरायची विसरलात तर कंपायलर अडवत नाही. रस्ट अडवतो. पूर्वी तिथेही ग्लोबल (सगळ्या प्रोग्रामला दिसणारा) बदलता व्हेरिएबल 'अनसेफ'मध्ये (इथली जबाबदारी माझी, असं कंपायलरला सांगून) गुंडाळून वेळ मारून नेता यायची. फेब्रुवारी 2025 मध्ये 1.85 आवृत्तीबरोबर '2024 एडिशन' आली. त्या एडिशनमध्ये अशा व्हेरिएबलचा रेफरन्स घेणं ही सरळ एररच धरली जाते. पहिल्यांदा ती एरर पाहून मी वैतागलो. इंटरप्ट थोपवून ठेवणाऱ्या कुलपात बफर घालायला दोन संध्याकाळी गेल्या. यावलला दोन रात्री जाण्यापेक्षा त्या परवडल्या. अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलने दिलेले आकडे याच अनुभवाचे आहेत. एकूण सुरक्षा-त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांचा वाटा 2019 मध्ये 76 टक्के होता, तो 2024 मध्ये 24 टक्क्यांवर आला. जुना कोड न मोडता नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहिल्याने.

आता माझ्या धंद्यात सर्वांत वजनदार प्रश्न. आज लिहिलेला कोड पाच-सात वर्षांनी उघडला तर चालेल का? डबा मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांतही पत्र्याखाली टिकतो, गिऱ्हाईक तो बदलत नाही. सी इथे निर्विवाद पुढे आहे. माझा 2011 चा कोड आजही चालतो. रस्टने 15 मे 2015 ला 1.0 आणली तेव्हाच शब्द दिला होता की स्थिर भाग मोडणार नाही, आणि दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढत तो शब्द बऱ्यापैकी पाळलाय. मोठे बदल एडिशनमधून येतात. 2015, 2018, 2021 आणि 2024 अशा चारही एडिशनची पॅकेजं एकाच प्रोग्राममध्ये नांदतात. एकाच वाड्यात चार पिढ्या, आणि स्वयंपाकघर एकच.

झिगने असा शब्द दिलेलाच नाही, आणि हे तो लपवतही नाही. झिगचा कर्ता अँड्र्यू केलीने 2016 मध्ये भाषा जाहीर केली, 1.0 अजून यायची आहे. ऑगस्ट 2025 मध्ये 0.15 आली आणि वाचण्या-लिहिण्याची सगळी यंत्रणाच बदलली. जुना कोड थोकात मोडला. मी नव्या पद्धतीने एक ओळ छापायला गेलो तर पडदा कोरा. बफर आता आपला आपण द्यायचा आणि शेवटी 'फ्लश' करायचं, ते माझ्या गावीच नव्हतं. बदल चांगला आहे, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणालो. पहिल्या दिवशी जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याआधी 0.11 पासून असिंकची (एका कामाची वाट पाहताना दुसरं काम करायची) सोयच भाषेतून गेली होती, ती आता वेगळ्या रूपात परत आणायचं काम चाललंय. भाषा अजून चाकावर आहे, भट्टीत गेलेली नाही.

मग झिग घ्यायचंच कशाला? कारण त्याचा हात हलका आहे. शंभर एमबीच्या आतली एक फाईल उतरवायची, उलगडायची, झालं. इन्स्टॉल करायची भानगड नाही. मळ्यातल्या मोबाईल डेटावरसुद्धा ती उतरते. त्याच फाईलमध्ये सीचा कंपायलरही आहे, आणि विंडोजवर बसून लिनक्सच्या एआरएम बोर्डासाठी सीचा प्रोग्राम बांधायचा तर एवढं सोपं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही. अशा बोर्डावरचा माझा जुना सी कोड मी त्यानेच बांधतो. कोड सी, कंपायलर झिगचा. झिग शिकायच्याही आधी झिगचा हा उपयोग करून घ्या, त्यात गमावण्यासारखं काही नाही. रस्टचा कार्गो मोठा गुणी आहे, पॅकेजं ओळीत आणून देतो, पण प्रकल्पाचं 'टार्गेट' फोल्डर बघता बघता काही जीबींचं होतं आणि जुन्या लॅपटॉपवर बांधणी सुरू केली की चहा होऊन कप धुऊन होतो.

माणसांबद्दल थोडं. ओपन सोर्स भाषा घेताना त्यामागची भाऊबंदकीही पदरी येते. रस्टमध्ये 2021 च्या नोव्हेंबरात मॉडरेशन टीमने (चर्चेतल्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्यांनी) एकदम राजीनामे दिले, 2023 मध्ये ट्रेडमार्कच्या मसुद्यावरून गदारोळ झाला, त्याच वर्षी कारभारासाठी नवी लीडरशिप कौन्सिल बसली. लिनक्स कर्नलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) रस्ट 6.1 आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर 2022 पासून आहे; पण जुन्या सीवाल्यांशी इतके खटके उडाले की काही चांगली माणसं थकून बाजूला झाली. तरी डिसेंबर 2025 मध्ये कर्नलच्या देखभालकर्त्यांनी ठरवलं की रस्ट आता 'प्रयोग' म्हणायचा नाही. भांडण झालं आणि लग्नही झालं.

झिगचं घर लहान. 2020 मध्ये ना-नफा संस्था स्थापन झाली, पण शेवटचा शब्द केलीचाच. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याने अख्खा प्रकल्प गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरून कोडबर्ग या दुसऱ्या संकेतस्थळावर हलवला, गिटहबच्या अ‍ॅक्शन्स यंत्रणेच्या दुरवस्थेला कंटाळून. मोठ्या समितीत यावर सहा महिने चर्चा झाली असती. पैशाची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये टायगरबीटल आणि सिनाडिया या दोन कंपन्यांनी मिळून 5,12,000 डॉलर द्यायचं जाहीर केलं. टायगरबीटलचा डेटाबेस खुद्द झिगमध्ये लिहिलेला आहे, म्हणजे देणाऱ्याचा स्वार्थही सरळ आहे. पण एका माणसावर उभ्या घराची जोखीम धंद्यात मोजावीच लागते.

चिपचं पटकन सांगतो. ईएसपी32 या एस्प्रेसिफ कंपनीच्या चिपमालिकेत सी3, सी6 या रिस्क-व्ही जातीच्या चिप घेतल्या तर रस्टचा नेहमीचा कंपायलर चालतो. जुन्या एक्सटेन्सा जातीच्या असतील तर एस्प्रेसिफची वेगळी आवृत्ती बसवावी लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांच्या रस्ट लायब्ररीची 1.0 आली, त्यामुळे आता धीर येतो. झिगसाठी मायक्रोझिग हा लहान चिपसाठीचा कोडसंच आहे. आरपी2040 या चिपवर मजा येते, पण विकायच्या मालात मी अजून घालणार नाही. अगदी आठ-बिटी स्वस्त कंट्रोलर असेल तर वाद मिटला, सी.

नवा डबा मी ईएसपी32-सी3 वर रस्टमध्ये करतोय. शेतात गेलेले दोनशेच्या वर जुने डबे सीमध्येच राहणार; चालत्या मोटरीचं फर्मवेअर भाषेच्या हौसेपायी बदलत नाहीत. पैसे उधारीवर आणि मुदत दिवाळीची असेल, हाताशी सी येणारा एकच पोरगा असेल, तर तुम्हीही रस्ट आत्ता घेऊ नका. शिकायला महिना-दोन महिने लागतात. पहिले तीन आठवडे मला वाटत होतं की कंपायलरचं माझ्याशी काही जुनं वैर आहे.

भाच्याला मी झिग सुचवलं. त्याचं गिऱ्हाईक कोणी नाही, कोड मोडला तर रात्री फोन येणार नाही. मेमरी कुठून घेतली हे झिगमध्ये प्रत्येक वेळी हाताने लिहावं लागतं, अ‍ॅलोकेटर उघडपणे हातात द्यावा लागतो. त्यामुळे महिनाभरात पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) म्हणजे काय हे जेवढं कळतं तेवढं आमच्या वेळी दोन सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं. नोकरीची घाई असती तर रस्ट म्हणालो असतो, आणि पुण्यातल्या एम्बेडेड (यंत्रातल्या चिपच्या कामाच्या) नोकऱ्यांसाठी निमूटपणे सी. त्याच्या आईला, म्हणजे ताईला, हे तिन्ही सारखेच. "शेवटी जळगावातच राहणार ना रे तो?" एवढंच तिने विचारलं.

भाषा कोणतीही घ्या, मेसेजवर चालणारा डबा करत असाल तर मोबाईलमध्ये 70 चिन्हांचा एक मराठी मेसेज आधी सेव्ह करून ठेवा. माल बाहेर जाण्यापूर्वी तो डब्याला पाठवा, डबा बंद-चालू करा आणि पुन्हा पाठवा. माझ्याकडच्या मेसेजात भरीत-पुरीची पाककृती आहे. वांगी भाजून सोलेपर्यंतच 70 चिन्हं संपतात.