सासऱ्यांना विकलेली खोटी वंशावळ

माझे सासरे मूळचे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे. त्यांच्या घराण्याचा पहिला माणूस १६३०च्या दशकात इंग्लंडहून तिथल्या इप्सविच गावी आला, एवढं घरात माहीत होतं. तो इंग्लंडातल्या कुठल्या गावचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सासऱ्यांना ऐंशीच्या घरात तेच जाणून घ्यायची ओढ लागली होती. ही ओढ हेरूनच एका वंशावळ-संशोधकाने त्यांना गाठलं.

अडीच हजार डॉलर आगाऊ घेऊन त्याने चामड्याच्या बांधणीचं पुस्तक पाठवलं. मुखपृष्ठावर घराण्याची सोनेरी ढाल, म्हणजे कुलचिन्ह. मागोमाग फोन: "मेफ्लॉवरशीही नातं दिसतंय, आणखी पंधराशे भरा." मेफ्लॉवर म्हणजे १६२०मध्ये इंग्लंडातून वसाहतकऱ्यांना मॅसॅच्युसेट्सला घेऊन आलेलं जहाज. सासऱ्यांनी तेही भरले.

पुस्तक मी वाचायला घेतलं. इंग्लंडातल्या एका पूर्वजाच्या बाप्तिस्म्याची नोंद १५१२ची, आणि आधार म्हणून चर्चची नोंदवही. इंग्लंडात चर्चमधून अशा वह्या ठेवायचा हुकूमच १५३८चा! पुढे १६८०च्या 'जनगणनेत' बायकामुलांची नावं. अमेरिकेची पहिली जनगणना १७९०ची, तीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. गुलाम सोडून घरातल्या सगळ्यांची नावं यायला १८५० उजाडलं. ढालही तशीच. इंग्लंडात ती विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळते, आडनाव सारखं आहे म्हणून कुणालाही लावता येत नाही.

सगळंच खोटं असतं तर लगेच लक्षात आलं असतं. पण अमेरिकेतल्या मधल्या चार पिढ्या खऱ्या होत्या, मृत्युपत्रांच्या आधारासकट. खऱ्या कागदांच्या मधोमध खोटा दुवा बसवायचा, ही रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहणाऱ्या गुस्ताव आंजूने श्रीमंत घराण्यांना अशाच वंशावळी विकल्या. त्यांतली खोटी नावं आजही लोक बिनदिक्कत उतरवून घेतात.

मी त्या माणसाकडे मूळ कागदांच्या छायाप्रती मागितल्या. आमच्याकडे नाशिकचे तीर्थोपाध्यायसुद्धा वही उघडून पूर्वजाची सही समोर धरतात; चार हजार डॉलर घेणाऱ्याने एक तरी पान दाखवायला नको? आधी म्हणाला, कागद खासगी संग्रहात आहेत. मग फोन उचलणंच बंद केलं. दुसरा हप्ता क्रेडिट कार्डावर होता, तक्रार केल्यावर तो परत मिळाला. पहिला चेकने दिला होता, तो गेला. म्हाताऱ्या माणसाच्या जिव्हाळ्याचा असा बाजार मांडलेला बघून माझा संताप अजून शमलेला नाही.

कुणी वंशावळ करून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी प्रत्येक पिढीमागे कागद कोणता आणि तो कुठल्या दफ्तरात आहे, हे लेखी मागा. मॅसॅच्युसेट्समधल्या बहुतेक गावांच्या १८५०पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत, आणि वारसा-न्यायालयाचे बरेच जुने कागद फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

आमची ती खोटी शाखा आता इतरांच्या ऑनलाइन वंशवृक्षांतही शिरली आहे. इप्सविचच्या एखाद्या पूर्वजाखाली १६८०ची जनगणना आधार म्हणून दिसली, तर ती नोंद उतरवून घेऊ नका, आणि ज्याने टाकली असेल त्यालाही कळवा.